अफवा आणि साक्ष : पुनरुत्थानाचा अर्थ आपल्या धर्मग्रामात

पुनरुत्थानाच्या जागरणविधीत प्रज्वलित केलेली पास्काची मेणबत्ती पेन्टेकॉस्टच्या सणापर्यंत, म्हणजे पन्नास दिवस, वेदीजवळ उभी असते. ख्रिस्तसभेने प्रायश्चित्तासाठी चाळीस दिवस नेमले आणि आनंदासाठी पन्नास. आम्ही मात्र चाळीस दिवसांचा हिशेब काटेकोरपणे ठेवतो. उपवास, क्रुसाची वाट, दानधर्म यांत सहसा खंड पडत नाही. पन्नास दिवसांची आठवण मात्र ईस्टरच्या जेवणाबरोबरच विरून जाते. नागपूरचा उन्हाळा तापू लागतो, शाळांना सुट्ट्या लागतात, कुटुंबे गावी निघून जातात आणि मंदिरातील बाके रिकामी दिसू लागतात. पुनरुत्थित प्रभूवर श्रद्धा ठेवणाऱ्या धर्मग्रामाने या पन्नास दिवसांत, आणि त्यानंतर वर्षभर, नेमके काय करावयाचे असते? २०२५ सालच्या घटनांनी हा प्रश्न आम्हां नागपूरकरांपुढे अशा रीतीने ठेवला की तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही.

प्रायश्चित्तकाळातील नागपूर

त्या वर्षी ५ मार्चला राखेचा बुधवार होता. प्रायश्चित्तकाळाच्या दुसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी, १७ मार्च रोजी, खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवावी या मागणीसाठी महाल भागात आंदोलन झाले. त्या वेळी जाळलेल्या कापडावर पवित्र वचने होती अशी वार्ता मोबाईलवरून पसरली. ती अफवा असल्याचे पुढे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. पण तोवर सायंकाळ उलटून गेली होती. महाल आणि हंसापुरीत दगडफेक व जाळपोळ झाली, तीसहून अधिक पोलीस जखमी झाले आणि एका जखमी नागरिकाचा पुढे रुग्णालयात मृत्यू झाला. अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागू करावी लागली. ती पूर्णपणे उठली तो २३ मार्चचा दिवस प्रायश्चित्तकाळाचा तिसरा रविवार होता.

त्यानंतर ३० मार्चला गुढीपाडवा, ३१ मार्चला ईद, ६ एप्रिलला रामनवमी, १० एप्रिलला महावीर जयंती आणि १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती हे सारे दिवस शहराने शांततेत पार पाडले. १८ एप्रिलला शुभ शुक्रवार आला आणि २० एप्रिलला पुनरुत्थानाचा रविवार. एका प्रायश्चित्तकाळाच्या मुदतीत या शहराने आपली जखमही पाहिली आणि आपले सामंजस्यही पाहिले. मात्र शांतता परतली म्हणजे जखम भरली, असे समजण्याची घाई आम्ही करू नये. २४ मार्च रोजी महापालिकेने एका आरोपीचे घर पाडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी अशा कारवाईला स्थगिती दिली आणि पुढे पवित्र सप्ताहातच पालिका आयुक्तांनी न्यायालयाकडे बिनशर्त माफी मागितली. गुन्हेगारास शासन व्हावे, पण ते न्यायासनासमोर पुरावा तपासून व्हावे. पुराव्याविना केलेला न्याय आणि पुराव्याविना पसरवलेली वार्ता या एकाच कुळातल्या गोष्टी आहेत.

दोन वार्ता

या घटनांच्या प्रकाशात पुनरुत्थानाचा वृत्तांत पुन्हा वाचताना एक बाब आमच्या ध्यानी आली. त्या पहाटे थडग्यापासून शहराकडे दोन वार्ता निघाल्या होत्या. एक स्त्रियांची आणि दुसरी पहारेकऱ्यांची. संत मत्तय सांगतात की, शिष्यांनी रात्री येऊन देह चोरून नेला, असे लोकांत पसरविण्यासाठी पहारेकऱ्यांना पैसे देण्यात आले आणि अधिकाऱ्यांकडून त्रास होणार नाही अशी हमीही मिळाली. शुभवर्तमान लिहिले जात असतानाही ती कथा लोकांच्या तोंडी होती. स्त्रियांच्या वार्तेपाशी मात्र ना पैसा होता ना अधिकाराचे पाठबळ. संत लूक लिहितात की, प्रेषितांनासुद्धा त्यांचे बोलणे प्रथम पोकळ वाटले.

ख्रिस्तसभेचा जन्म या दुसऱ्या वार्तेतून झाला. प्रेषितांनी पहारेकऱ्यांच्या अफवेला दुसऱ्या अफवेने उत्तर दिले नाही. जे आपण स्वतः पाहिले तेच त्यांनी आपल्या नावानिशी, चारचौघांत सांगितले आणि त्याची किंमत मोजली. ग्रीक भाषेत साक्षीदारासाठी जो शब्द आहे, त्यालाच पुढे हुतात्म्याचा अर्थ प्राप्त झाला, तो याचमुळे. अफवेला मात्र नाव नसते. ती कुणी पाहिली, कुणी प्रथम सांगितली, हे कुणालाच ठाऊक नसते आणि तिची किंमत नेहमी दुसराच मोजतो.

संत थोमाकडेही या दृष्टीने पाहावे. त्याला आपण संशयी म्हणून नावे ठेवतो. पण इतर दहा जणांनी सांगितलेले त्याने पडताळून पाहू इच्छिले एवढाच त्याचा दोष. प्रभूने त्याला हाकलून दिले नाही, तर जखमा पुढे केल्या. पुनरुत्थित प्रभूच्या देहावर जखमा कायम राहिल्या, ही गोष्ट आम्ही विसरता कामा नये. बंद दाराआड भयाने बसलेल्या शिष्यांना त्याने शांतीचे अभिवादन केले, ते त्या जखमा दाखवूनच. जखम झाकून दिलेली शांती ही ईस्टरची शांती नव्हे.

या आगीची झळ आम्हांसही

आपला महाराष्ट्र अफवेच्या बळींना अपरिचित नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने भिक्षेकरी समाजातील पाच जणांना ठार केले. १६ एप्रिल २०२० रोजी, पुनरुत्थान सणानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक अशाच अफवेला बळी पडले. मरणाऱ्यांचा धर्म कोणता, मारणाऱ्यांचा कोणता, याचा शोध घेत आणखी नव्या अफवा उठल्या, हे त्याहून दुःखदायक होते.

ख्रिस्ती समाजाने हे दुःख स्वतःच्या अंगावरही झेलले आहे. २००८ च्या ऑगस्ट महिन्यात ओडिशाच्या कंधमाल जिल्ह्यात स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती यांची हत्या झाली. माओवाद्यांनी जबाबदारी स्वीकारली. पण चौकशीपूर्वीच दोष ख्रिस्ती लोकांच्या माथी मारला गेला आणि हजारो कुटुंबे बेघर झाली. अगदी अलीकडे, २५ जुलै २०२५ रोजी, नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील दुर्ग स्थानकात केरळच्या दोन धर्मभगिनींना मानवी तस्करी व धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांच्यासोबतच्या तरुणी आपल्या संमतीने नोकरीसाठी निघाल्या होत्या, असे त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितले. २ ऑगस्टला त्या भगिनींना जामीन मिळाला. स्थानकावरील एका संशयाने दोन समर्पित आयुष्यांवर आठ दिवसांची कोठडी लादली.

अशा वेळी आम्ही शेजाऱ्यांकडे कोणती अपेक्षा करतो? आमच्याविषयी काही ऐकले तर त्यांनी आधी आम्हांस विचारावे, आमच्या शाळेत, आमच्या घरी येऊन पाहावे, ही. ही अपेक्षा रास्त आहे. पण तीच अपेक्षा शेजाऱ्यांनी आमच्याकडून ठेवली तर आम्ही तिला उतरतो का?

प्रथम आपले घर

येथे आम्हांस आत्मपरीक्षण केले पाहिजे. धर्मग्रामाच्या, युवा गटाच्या, कुटुंबाच्या मोबाईल गटांवर आम्ही काय पाठवितो? सकाळी शुभवर्तमानातील चिंतन आणि दुपारी एखाद्या समाजाविषयी विष ओकणारी चित्रफीत, दोन्ही एकाच बोटाने पुढे जातात. पाठविणारा म्हणतो, मला आले ते मी पाठविले. थडग्यावरचे पहारेकरीही याहून वेगळे काही म्हणाले नसते. पैसे कुणी देत नसतानाही आम्ही त्यांचे काम फुकट करतो, एवढाच काय तो फरक.

बाहेरच्या समाजांबद्दलच नव्हे, तर आपसांतही हेच चालते. छावण्या, रेल्वे, शाळा आणि रोजगार यांच्या ओढीने वेगवेगळ्या प्रांतांतून आलेली माणसे नागपूरच्या धर्मग्रामांत एकत्र नांदतात. कुणाची मिस्सा इंग्रजीत, कुणाची हिंदीत, कुणाची मराठीत, तमिळमध्ये वा मल्याळममध्ये. ही विविधता देवाची देणगी आहे. पण मिस्सा संपल्यावर फाटकापाशी जी कुजबुज होते, तिच्यात परिषदेवर कुणाची माणसे घेतली, निधी कुठे गेला, धर्मगुरू कुणाच्या घरी जास्त जातात, याचीच चर्चा अधिक असते. अहवाल मागावा, सभेत उभे राहून विचारावे, हा प्रत्येक प्रापंचिकाचा हक्क आहे; न विचारता कुजबुजणे हा मात्र हक्क नव्हे. ज्या धर्मग्रामात कुजबुज थांबत नाही, तेथे मिस्सेत दिलेले शांतीचे अभिवादन ओठांपुरतेच राहते.

साक्षीदार धर्मग्राम

सदरमधील आपले महामंदिर संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने उभे आहे. त्यांचेच नाव धारण करणाऱ्या मिशनरी संघाने या भूमीत श्रद्धेची पेरणी केली. १८८७ साली नागपूर धर्मप्रांताची आणि १९५३ साली महाधर्मप्रांताची स्थापना झाली. हे संत लेखकांचे व पत्रकारांचे आश्रयदाते आहेत, हे आम्ही क्वचितच आठवतो. लोक ऐकावयास येण्यास भीत होते, तेव्हा त्यांनी सत्य कागदावर लिहून घरोघरी दाराखालून सरकविले. भक्तिमय जीवनावरील आपल्या १६०९ सालच्या ग्रंथात त्यांनी उतावीळ निर्णय आणि निंदा यांवर स्वतंत्र प्रकरणे लिहिली. पोप फ्रान्सिस यांनीही २०१८ सालच्या जागतिक संप्रेषण दिनाचा संदेश खोट्या बातम्यांविषयीच दिला होता आणि एदेन बागेतील सर्पाला त्यांनी या व्यवसायातला पहिला म्हटले होते. अशा संताच्या छत्राखालील महाधर्मप्रांताने सत्य बोलण्याची शिस्त स्वतःला लावून घ्यावी, हे त्याच्या नावालाच साजेसे आहे.

ती शिस्त फार मोठ्या योजनांनी नव्हे, तर लहान गोष्टींनी लागेल. प्रत्येक गटाच्या चालकाने, वार्ता पुढे जाण्यापूर्वी, हे कुणी पाहिले, एवढा एकच प्रश्न विचारावा. लहान ख्रिस्ती समूहांनी या पन्नास दिवसांत आपल्या गल्लीतील इतर धर्मीय कुटुंबांकडे एकदा तरी जावे. सणाचा फराळ घेऊन जावे आणि त्यांचे ऐकून यावे. आमच्या शाळांत सर्व धर्मांची मुले एका बाकावर बसतात. त्यांचे पालकही वर्षातून एकदा एका सतरंजीवर बसून बोलतील, असे शाळांनी पाहावे. संकटाच्या रात्री फोन करून खरे काय ते विचारता येईल, अशी ओळख आधीच झालेली असावी लागते. संचारबंदीत हातावर पोट असणाऱ्यांची मजुरी बुडते. धुणीभांडी करणारी, रिक्षा चालविणारी ती माणसे कोणत्या धर्माची, हे न विचारता त्यांच्या घरी शिधा पोहोचविणे, ही जखमा ओळखण्याची पहिली पायरी होय.

आणखी एक गोष्ट कठीण आहे, तरी ती सांगितली पाहिजे. दंगलीचे खटले साक्षीदारांअभावी पडतात. जे असतात त्यांतले काही फितूर होतात. पाहिलेले सांगण्याची वेळ आली, तर पोलिसांपुढे व न्यायालयापुढे उभा राहणारा श्रद्धावंत आपल्या धर्मग्रामात असेल का? आणि तो उभा राहिला तर सारे धर्मग्राम त्याच्या पाठीशी उभे राहील का? पुनरुत्थानाच्या श्रद्धेची याहून खरी कसोटी आम्हांस ठाऊक नाही.

अल्पसंख्य समाजाला दार बंद करून बसण्याचा मोह होतो. आपण थोडे, आपण बोललो तर आपल्यावरच येईल, हे भय खोटे नाही. पण शिष्यांचे भयही खोटे नव्हते. प्रभू बंद दारातून आत आला तो त्यांच्याबरोबर आत बसून राहण्यासाठी नव्हे, तर त्यांना बाहेर पाठविण्यासाठी.

२० एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी आजारी असतानाही जगाला ईस्टरचा आशीर्वाद दिला. धर्मस्वातंत्र्य आणि दुसऱ्याच्या मताचा आदर यांवाचून शांती शक्य नाही, हे त्यांच्या त्या अखेरच्या संदेशाचे सार होते. स्वतः वाचण्याचे बळ उरले नसल्याने तो दुसऱ्याने वाचून दाखविला. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते प्रभूघरी गेले. पुढे ८ मे रोजी, पास्काचा काळ चालू असतानाच, पोप लिओ चौदावे यांनी त्याच सज्जावरून पहिला शब्द उच्चारला तो शांतीचा, आणि ती नि:शस्त्र असून समोरच्यालाही नि:शस्त्र करणारी शांती आहे असे सांगितले. एका पोपच्या शेवटच्या शब्दापासून दुसऱ्याच्या पहिल्या शब्दापर्यंत ही एकच साक्ष पोहोचली.

तीच साक्ष आता सदरपासून महालपर्यंत पोहोचवावयाची आहे, आणि हे अंतर पायी चालून जाण्याइतकेच आहे. पास्काच्या मेणबत्तीवरून आपली मेणबत्ती पेटवून घेताना आम्ही जे हाती घेतले, ते घेऊन आम्ही दाराबाहेर पडावे, अशी पुनरुत्थित प्रभूचरणी प्रार्थना.