पीककर्ज मोबाईलवर मिळेल हो, पण कांदेबाग कोण ओळखणार?



"बँकेत यायची गरज नाही, कर्ज मोबाईलवर" अशा जाहिराती रोज दिसतात. चांगलं आहे, चकरा वाचतात. पण मृगबाग अन् कांदेबाग यातला फरक मोबाईलला सांगणार कोण?

रावेर-यावल-चोपड्याकडच्या लोकांना हे समजवायला नको. जूनची मृगबाग साधारण पुढच्या उन्हाळ्यात कापणीला येते, ऑक्टोबरची कांदेबाग त्याहून उशिरा, पावसाळा सरता सरता. म्हणजे मार्चअखेरची वसुली सुरू होते तेव्हा दोघांचेही खिसे रिकामे. धुळे-शिंदखेड्याकडचा कापूसवाला वेगळा, त्याचा माल भावाच्या आशेने घरातच पडलेला असतो. गावच्या विकास सोसायटीच्या सचिवाला हे सगळं तोंडपाठ असतं. कोणाची बाग वादळात आडवी झाली, कोणाच्या घरात लग्न आहे, कोण नुसतीच टाळाटाळ करतोय, हे त्याला सिबिल न पाहता कळतं.

याची किंमत रुपयात सांगतो. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची व्याजसवलत अन् राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली, तर ७ टक्के व्याज धरलं तरी ३ लाखांवर वर्षाचे २१ हजार. पंधरा दिवस आधी बांधावर येऊन "आप्पा, तारीख जवळ आली बरं का" म्हणणारा माणूस २१ हजारांचा आहे! मोबाईलवर मेसेज येतो, पण तो शंभर मेसेजांत हरवतो.

आपल्या बँकेवर वरच्यांचा भरोसा किती, ते २०१६ ला दिसलंच. नोटबंदीनंतर १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी केली. ऐन कापसाच्या हंगामात. ज्याचं खातं फक्त जिल्हा बँकेत, त्याने काय करायचं होतं?

आता दुसरी बाजू, कारण नुसती आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. ओळख कर्ज देते तशी ओळख बुडवतेसुद्धा. जळगावच्या बीएचआर पतसंस्थेत लोकांनी आपली माणसं म्हणूनच ठेवी ठेवल्या होत्या, त्याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. बँकेतल्या ठेवीला, मग ती जिल्हा बँक असो की नागरी सहकारी, ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. बोर्डावर काय लिहिलंय ते वाचून मगच पैसे ठेवा. "आपलाच भाऊ आहे" म्हणून पावती न घेता रक्कम भरणं तर आजच बंद करा.

अन् सोसायटी आपल्या मालकीची आहे हे आपणच विसरतो. कर्ज देताना शेअर्सची रक्कम कापतात, ती कशाला? तुम्ही सभासद आहात, गिऱ्हाईक नाही. तरी वार्षिक सभेला कोरम भरत नाही, अन् निवडणुकीला मात्र गाड्या भरून जातो. एकेका गटसचिवाकडे अनेक सोसायट्या दिल्यात, तो बांधावर येणार कधी, हे सभेत विचारायला कोणी नसतं. २०२२ पासून सोसायट्यांचं संगणकीकरण सुरू आहे, ते व्हायलाच पाहिजे. पण संगणक आला म्हणून माणूस कमी करू नका.

सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. यंदा जा. ऑडिटचा वर्ग अ, ब, क की ड ते विचारा. थकबाकीत संचालकांची किती, तेही विचारा. अन् केळीच्या कर्जाची मुदत कापणीला धरून द्या, असा ठराव मांडून जिल्हा बँकेला पाठवा. तुमच्या सोसायटीत असा ठराव आधी झाला असेल तर खाली लिहा, त्याची भाषा सगळ्यांना कामी येईल.