दाखला कोणाकडे मागायचा?

रायपूरच्या विमानतळाला लागून असलेले माना आज कोणाच्या नजरेत भरत नाही. १९६४ साली पूर्व पाकिस्तानातून आलेले निर्वासितांचे लोंढे इथल्या छावणीत थांबवून पुढे दंडकारण्यात पाठवले गेले. काही कुटुंबे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतही वसली. त्यांची नातवंडे आज नागरिक आहेत आणि मूत्रपिंड निकामी झालेच, तर भारतीय म्हणून अवयवाच्या रांगेत उभी राहतात. प्रश्न नंतर आलेल्यांचा आहे. सिंधमधून आलेली, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर दिवस काढणारी हिंदू कुटुंबे रायपुरात आहेत, तशी नागपूरच्या जरीपटक्यातही आहेत. नागरिकत्व मिळेपर्यंत कायद्याच्या लेखी ती परदेशी, म्हणजे आखातातून उपचारासाठी विमानाने आलेल्या धनिकाच्याच पंगतीतली.

१९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा मूत्रपिंडांचा बाजार मोडण्यासाठी आला आणि २०११ ची दुरुस्ती त्याच हेतूने झाली. त्यावर आमचा आक्षेप नाही. अडचण २०१४ च्या नियमांत आहे. दाता किंवा रुग्ण परदेशी असेल, तर दोघांच्या नात्याचा दाखला त्याच्या देशाच्या दूतावासातील वरिष्ठ अधिकाऱ्याने द्यायचा. पर्यटक-रुग्णाला हे सोपे आहे. पण ज्या देशात जगणे अशक्य झाले म्हणून माणूस पळून आला, त्याच देशाच्या कचेरीत जाऊन त्याने ‘ही माझीच बायको’ असे लिहून आणायचे?

समजा, सिंधमधल्या घोटकीहून आलेला एखादा दुकानदार आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या खुर्चीत बसतो. बायको मूत्रपिंड द्यायला तयार आहे, रक्तगट जुळतो. प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीपुढे ती लग्नाचे फोटो ठेवते, मुलांचे जन्मदाखले ठेवते, कॅमेऱ्यासमोर जबाब देते. सगळे खरे असते. फक्त दाखल्याच्या २१ क्रमांकाच्या नमुन्यावर दूतावासाचा शिक्का नसतो. समितीचेही हात बांधलेले. समितीने सही केली आणि उद्या चौकशी लागली, तर डॉक्टर तुरुंगात.

ही भीती पोकळ नाही. २०१६ साली पवईत आणि २०२२ साली पुण्यात खोट्या बायका उभ्या करून मूत्रपिंडे काढली गेली. २०२४ साली जयपुरात बनावट ना-हरकत पत्रे सापडली, तर दिल्लीत पकडलेल्या टोळीच्या प्रकरणात दाते आणि रुग्ण दोन्ही बांगलादेशी निघाले. निर्वासिताकडे विकण्याजोगे शरीराशिवाय फार काही नसते, हे दलालांना आपल्याआधी कळते. लेबनॉनमधल्या सीरियन निर्वासितांच्या बाबतीत तेच झाले. म्हणून परक्याला नात्याबाहेरच्या जिवंत भारतीय दात्याचा अवयव मिळू नये, ही अट तशीच राहिली पाहिजे. उलट, निर्वासित जेव्हा दाता म्हणून पुढे येतो, तेव्हा समितीने त्याची अधिकच कसून चौकशी करावी. मात्र पवई-पुण्याचे दाखले भारतीयच होते, हेही विसरू नये. शिक्का असला की नाते खरे, या समजुतीवरच दलाल जगतात.

‘आपल्याच लोकांना अवयव मिळत नाहीत, यांना कुठून?’ असे विचारले जाईल. बायकोने नवऱ्याला दिलेले मूत्रपिंड कोणाच्या रांगेतून जात नाही. मृत दात्यांच्या अवयवांबाबत मात्र हा प्रश्न रास्त आहे. तिथे क्रम राज्य, विभाग, देश, मग भारतीय वंशाचे आणि शेवटी परदेशी असा आहे. छत्तीसगड ज्या पश्चिम विभागात येते, त्याचे केंद्र मुंबईच्या केईएममध्ये आहे, तेव्हा हा विषय आपल्याही दारातला आहे. घेताना आपण राष्ट्रीयत्व पाहत नाही. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत एका स्पॅनिश महिलेचे अवयव आनंदाने स्वीकारले गेले. रायपूरच्या रस्त्यावर अपघात होऊन मेंदूमृत झालेल्या सिंधी निर्वासिताचेही आपण घेऊ. मग कायमचे राहायला आलेल्याला रांगेत अगदी शेवटी का उभे करायचे? २०२३ मध्ये केंद्राने अवयवासाठीच्या नोंदणीतली राज्याच्या अधिवासाची अट काढली. त्याच न्यायाने दीर्घ मुदतीच्या व्हिसाधारकाला राज्याच्या यादीत घ्यावे.

पैशाचा प्रश्न वेगळाच. छत्तीसगडच्या विशेष आरोग्य योजनेत प्रत्यारोपणाला मदत मिळते, पण तिचे दार रेशनकार्डाने उघडते.

दाखल्याच्या अडचणीवर उपाय मात्र अवघड नाही. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले. त्यांत रायपूर आणि नागपूर दोन्ही होते. ज्याच्या सहीने माणूस भारतीय होऊ शकतो, त्याच्या सहीने तो कोणाचा नवरा आहे हे का ठरू नये? रक्ताच्या नात्याला डीएनए चाचणी जोडा, नवरा-बायकोसाठी पोलीस चौकशी आणि शेजाऱ्यांचे जबाब घ्या, आणि दूतावासाच्या जागी जिल्हाधिकाऱ्याचा दाखला चालेल एवढे नियमात लिहा. ही सवलत धर्म पाहून देऊ नये. निर्वासित तिबेटी असो की अफगाण, नियम एकच हवा. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, तरी रुग्णालयात माणुसकीने वागायला त्या सहीची गरज नाही.

यासाठी संसदेत विधेयक आणावे लागत नाही. नियम केंद्र सरकारचे आहेत आणि अधिसूचनेने बदलता येतात. छत्तीसगड आणि महाराष्ट्र या दोन्ही सरकारांनी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे ही मागणी एकत्र करावी.