जुनं दुकान कसं चाललंय?

मागच्या रविवारी अक्का आली ती पिशवी नाचवतच. नातीसाठी तिनं झुडिओतून दोन कुर्ते आणले होते. चहाचा कप हातात येताच मुद्द्यावर आली. "अरे, दुकानात पाय ठेवायला जागा नाही! माझी ठेव पुढच्या महिन्यात सुटते. त्या कंपनीचेच शेअर घेऊ का? तू कॉलेजात कॉमर्स शिकवतोस, सांग बघू."

भावोजी गेल्यानंतर तिच्या हाताशी तीच काय ती पुंजी. त्यामुळे हसण्यावारी नेता येईना.

झुडिओ आणि वेस्टसाइड ही दुकानं टाटांच्या ट्रेंट कंपनीची. शेअर बाजारात नोंदलेल्या अशा मोठ्या कंपनीला दर तीन महिन्यांनी आपला हिशेब जाहीर करावा लागतो. मी तो काढून बसलो. २०२४-२५ या वर्षात ट्रेंटची विक्री सुमारे ३९ टक्क्यांनी वाढून १७ हजार कोटींच्या घरात गेली. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" अक्का खूश.

आमचे सासरे शेजारीच बसले होते. हुबळीत त्यांनी चाळीस वर्षं कापडाचं दुकान चालवलं. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "हळे अंगडी हेगिदे?" जुनं दुकान कसं चाललंय?

आमच्या वर्गात जे समजवायला तासभर लागतो, ते मामांनी तीन शब्दांत विचारलं. मार्च २०२४ अखेर झुडिओची ५४५ दुकानं होती, वर्षभरात ती ७६५ झाली. म्हणजे विक्रीतली बरीचशी वाढ नव्या दुकानांची. वर्षापूर्वीच्या त्याच दुकानात आज किती जास्त माल खपतो, ही वाढ वेगळी मोजावी लागते, आणि ती कितीतरी कमी होती. नवं दुकान काढायचं म्हणजे भाडं, पगार, माल, सगळ्यात पैसा गुंततो. मामा म्हणाले, "दुसरं दुकान काढलं की गल्ला वाढतोच. पण पहिल्याचं गिऱ्हाईक दुसऱ्यात गेलं तर?"

पुढची गोष्ट जुलै २०२५ ची. एप्रिल ते जून या तिमाहीत विक्री सुमारे २० टक्क्यांनी वाढल्याचं कंपनीनं सांगितलं, आणि ४ जुलैला एका दिवसात शेअर १० टक्क्यांहून अधिक घसरला. अक्का चक्रावली. "वाढूनसुद्धा पडला?" होय. बाजारानं आधीच्या वेगाचीच वाढ गृहीत धरून भाव चढवून ठेवला होता. कंपनी चांगली असली, तरी तिच्यासाठी आपण किती मोजतो हा प्रश्न उरतोच.

आणखी एक. कापडाच्या धंद्यात दसरा-दिवाळीची तिमाही आणि पावसाळ्याची तिमाही सारखी नसते. म्हणून तुलना करायची ती मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी. आणि विक्रीबरोबर नफा किती, तेही पाहायचं.

असो. पुंजी एकाच ठिकाणी घालायची नाही, एवढं अक्कानं कबूल केलं. निघताना दारातून वळून म्हणाली, "पुढचा निकाल लागला की मला बोलव. आणि मामांनाही थांबवून ठेव."