मशीन देण्याआधी नादकाटा लावा



गावोगाव श्रवणयंत्रांची शिबिरं भरतात, गरजूंना मशीन मिळतं. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती कान नीट न तपासता मशीन हातात ठेवण्याबद्दल. नस कमजोर झाली असेल तर मशीनचाच आधार. पण पडद्याला भोक असेल किंवा कानातल्या हाडांची साखळी अडली असेल, तर अनेकदा ऑपरेशनने ऐकू येऊ लागतं.

ऑटोस्क्लेरोसिसचंच बघा. हातोडी, ऐरण आणि रिकीब या कानातल्या हाडांतली रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरची. तिच्या बुडाशी नवं हाड वाढतं, ती जागीच जखडते आणि आवाज आतल्या कानापर्यंत धड पोचत नाही. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि सुरू होतो बहुधा ऐन उमेदीत. यातल्या अनेकींना गोंगाटात उलट बरं ऐकू येतं. एसटीतलं बोलणं कळतं, घरातलं हळू बोललेलं कळत नाही. ‘हिला सोयीचं तेवढंच ऐकू येतं’ हा टोमणा माझ्या वहिनींनी वर्षानुवर्षं सोसला. त्याचा मला आजही संताप येतो.

१९५६ साली अमेरिकेत डॉ. जॉन शे यांनी जखडलेली रिकीब काढून टेफ्लॉनची बसवली. आता बहुतेक वेळा तिच्या तळाला बारीक भोक पाडून इवलासा पिस्टन बसवतात. धोका आहेच. शंभरात साधारण एकाचा तो कान कायमचा जाऊ शकतो. काहींना चक्कर येते, जिभेची चव बदलते. म्हणूनच जास्त अधू कान आधी करतात, आणि एकाच कानावर भिस्त असलेल्याच्या त्या कानाला शक्यतो हात लावत नाहीत. हा धोका नको असेल त्याने मशीन जरूर वापरावं, या आजारात ते चांगलं चालतं. पण ठरवायचं पेशंटने, सगळं ऐकून-समजून. दुसरी वाट आहे हेच सांगितलं नाही, तर तो काय ठरवणार?

दोष कुठे आहे हे ओळखायला ५१२ हर्ट्‌झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) आधी कानामागच्या हाडावर टेकवायचा, मग कानासमोर धरायचा. मागे जास्त मोठा ऐकू आला, तर दोष बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या कानात. याला दोन मिनिटंही लागत नाहीत. पुढची ऑडिओमेट्री हवेतून आणि हाडातून, दोन्ही मार्गांनी व्हावी. शिबिरांना परवानगी देताना आरोग्य विभागाने हीच अट घालावी, आणि ज्यांना अशा तपासणीविना मशीन दिलं गेलं, त्यांनाही परत बोलावून तपासावं.

— एक वाचक, सांगली