दिवाणखान्यातली लोकशाही, तळघरातला इतिहास

लोकशाहीवर संवाद घडवून आणण्याचा उद्योग सध्या देशोदेशी तेजीत आहे. एखाद्या थोर राज्यकर्त्याचा जुना वाडा घ्यावा, त्याची डागडुजी करावी, त्याची दौत-लेखणी काचेच्या पेटीत मांडावी आणि त्याच्याच दिवाणखान्यात विद्वान मंडळींना बसवून लोकशाहीच्या भवितव्यावर परिसंवाद भरवावा, असा हा परिपाठ आहे. वक्ते संयमी, श्रोते सभ्य, प्रश्न मोजके आणि चहा उत्तम. अशा कार्यक्रमांना आमचा विरोध नाही. माणसे एकत्र बसून बोलतात, ही गोष्ट वाईट कशी म्हणावी? आमचा प्रश्न एवढाच आहे की, त्या वाड्याची किल्ली कोणाच्या कनवटीला आहे? संवादाला कोणाला बोलवायचे, कोणता विषय घ्यायचा आणि कोणता टाळायचा, हे ठरवणाऱ्या मंडळात कोण बसतो? हा प्रश्न विचारला की सभ्यतेचा रंग झपाट्याने उडतो.

उदाहरण अमेरिकेतले आहे, पण मराठी वाचकाला ते परके वाटू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ती अमेरिकेतील नीग्रोंना दास्यातून सोडविण्यासाठी झटलेल्या तेथील लोकांना अर्पण केली होती. त्या दास्याची आणि आपल्याकडील दास्याची नाळ एकच आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

व्हर्जिनिया राज्यात ऑरेंज परगण्यात माँटपेलिअर नावाची इस्टेट आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेचा जनक म्हणून ज्याचा गौरव होतो, त्या जेम्स मॅडिसनचे हे घर. १७८७ च्या फिलाडेल्फिया परिषदेपूर्वी प्राचीन व अर्वाचीन संघराज्यांचा अभ्यास त्याने येथे बसून केला. १८०९ ते १८१७ अशी आठ वर्षे तो राष्ट्राध्यक्ष होता आणि १८३६ साली याच घरात तो वारला. १९८४ मध्ये ही वास्तू ऐतिहासिक वास्तूंचे जतन करणाऱ्या राष्ट्रीय न्यासाकडे आली. २००३ ते २००८ या काळात मागाहून वाढविलेल्या खोल्या उतरवून तिला मॅडिसनच्या वेळचे रूप देण्यात आले. तेथे राज्यघटनेच्या अभ्यासाचे केंद्र आहे. शिक्षक येतात, पोलिस अधिकारी येतात, नागरिक येतात. घटना, हक्क आणि स्वराज्य यांवर चर्चा होतात.

हे झाले वरच्या मजल्याचे वर्णन. आता तळघरात उतरू. मॅडिसन घराण्याच्या मालकीत पिढ्या मोजल्या तर सुमारे ३०० गुलाम होते. तंबाखू आणि गहू त्यांनी पिकविला, विटा त्यांनी पाडल्या. त्या विटांपैकी काहींवर ओल्या मातीत उमटलेले बोटांचे ठसे आजही दिसतात आणि त्यांतले काही लहान मुलांचे आहेत. घटनाकाराने मरतेवेळीही या माणसांना मुक्त केले नाही. ती मृत्युपत्राने पत्नीकडे गेली आणि पुढे विकली गेली. मॅडिसनच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याजवळ असलेला गुलाम पॉल जेनिंग्ज याला स्वातंत्र्य मिळाले ते १८४७ मध्ये, मोबदला मोजून. हाच जेनिंग्ज पुढे मॅडिसनच्या विपन्नावस्थेतील विधवेला स्वतःच्या खिशातून चार पैसे देत असे. १८६५ साली त्याच्या आठवणी पुस्तकरूपाने निघाल्या. लोकशाहीचा पाठ या घरात कोणी कोणाला द्यायचा, असा प्रश्न त्या आठवणी वाचणाऱ्याला पडल्यावाचून राहत नाही.

यावर एक ठराविक उत्तर तयार असते. ‘त्या काळाला आजची मोजपट्टी लावू नका.’ हा युक्तिवाद दिसायला समंजस आणि वस्तुतः खोटा आहे. माणसावर मालमत्तेचा हक्क असू शकतो, ही कल्पना घटनेत शिरू देणे गैर आहे, असे खुद्द मॅडिसनच १७८७ च्या परिषदेत बोलला होता. म्हणजे मोजपट्टी त्याच्या हातातच होती. त्याचा खाजगी चिटणीस एडवर्ड कोल्स हाही व्हर्जिनियातलाच मळेवाला. १८१९ मध्ये इलिनॉयकडे जाताना त्याने आपल्या गुलामांना मुक्त केले आणि मॅडिसननेही तसेच करावे म्हणून त्याच्यामागे लकडा लावला. मॅडिसनने काय केले? १८३४ साली आणखी सोळा गुलाम विकले. तेव्हा काळाला दोष देण्याचे कारण नाही. त्याच काळात, त्याच राज्यात, त्याच वर्गातला एक मनुष्य वेगळे वागला होता. आणि स्वतः गुलामांना आपली गुलामी अन्याय्य आहे हे समजण्यासाठी एकविसाव्या शतकापर्यंत थांबावे लागले, असे कोणी म्हणणार आहे काय?

तथापि आमचा मुख्य मुद्दा मॅडिसनचा नाही. त्याच्या घराच्या आजच्या विश्वस्तांचा आहे. २०१७ मध्ये याच घराच्या तळघरात गुलामांच्या जीवनावरील एक प्रामाणिक प्रदर्शन उघडले आणि त्याची वाहवा झाली. २०१९ मध्ये तेथील गुलामांच्या वंशजांनी आपली समिती स्थापन केली. जून २०२१ मध्ये संचालक मंडळाने ठराव करून वंशजांना कारभारात समसमान वाटा देऊ केला, आणि आपले उमेदवार सुचविण्याचा हक्क त्यांच्या समितीकडे दिला. वर्तमानपत्रांतून कौतुक झाले. पण उणेपुरे नऊ महिने होतात न होतात तोच, मार्च २०२२ मध्ये, मंडळाने नियम फिरवून समितीचा तो हक्क काढून घेतला. समान वाटा आम्हांला मान्यच आहे, परंतु वंशजांपैकी कोणाला घ्यायचे याचा निर्णय एकट्या त्या समितीवर सोपविता येणार नाही, असा मंडळाचा पवित्रा होता. समितीशी जमवून घेणे कठीण जाते, अशीही तक्रार होती.

या पवित्र्यातील मखलाशी आपल्याला ओळखीची आहे. तुमचा प्रतिनिधी असावा, पण तो आम्ही निवडू! १९३२ साली अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाचा वाद झाला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. स्पृश्यांच्या मतांवर निवडून येणारा अस्पृश्य हा अस्पृश्यांचा प्रतिनिधी कसा, असे डॉ. आंबेडकर विचारीत होते. पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले. पण त्या करारातही प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवारांची यादी फक्त दलित मतदारांनी निवडावी आणि मग संयुक्त मतदारसंघाने त्यांतून एक निवडावा, अशी तरतूद होती. माँटपेलिअरचे वंशज यापेक्षा अधिक काय मागत होते? यादी आमची, निवड मंडळाची, एवढेच. उपोषणाच्या छायेत आंबेडकरांना जी तडजोड पत्करावी लागली, तेवढीही राज्यघटनेच्या नावाने चालणाऱ्या एका संस्थेला २०२२ साली जड वाटली.

गंमत अशी की, मंडळाच्या विरुद्ध सर्वांत भेदक साक्ष त्या घराच्या मूळ मालकाचीच आहे. माणसाच्या सद्‌भावनेवर विसंबून राज्य चालविता येत नाही, सत्तेला आवर घालायचा तर दुसरी सत्ताच समोर उभी करावी लागते आणि स्वतःच्या खटल्यात कोणी स्वतः न्यायाधीश होऊ नये, हेच तर मॅडिसनने ‘फेडरलिस्ट’ निबंधांतून जगाला समजावून सांगितले. ज्यांनी त्याचा पुतळा पुसायचा, त्यांनी त्याचे निबंध वाचायचे नाहीत, असा काही दंडक आहे काय? विश्वस्तांनी वंशजांना ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ म्हणावे आणि वंशजांनी हक्क मागावा, या वादात मॅडिसनचे तत्त्व वंशजांच्या बाजूला उभे आहे.

पुढे जे झाले ते दिवाणखान्यातील कोणत्याही परिसंवादापेक्षा बोधप्रद आहे. तेथील कर्मचाऱ्यांनी उघडपणे वंशजांची बाजू घेतली. एप्रिलमध्ये त्यांच्यातील वरिष्ठांना कामावरून काढून टाकण्यात आले. पुराणवस्तू खणून काढणारे, गुलामांच्या झोपड्यांचा मागोवा घेणारे जाणकार लोक घरी बसविले गेले. लोकशाहीच्या मंदिरात मालकशाहीचा हा कोरडा ओढला गेला! परंतु बोभाटा झाला. राष्ट्रीय न्यासाने मंडळाचा निषेध केला, हजारोंनी सह्या केल्या, इतिहासकार उठले. १६ मे २०२२ रोजी मंडळाला नमते घेऊन समितीच्या यादीतून ११ नवे संचालक निवडावे लागले. संस्थेचा प्रमुख बदलला, काढलेल्यांपैकी काहीजण परतले. हा विजय गोड भाषणांनी मिळाला नाही; वंशजांची संघटना आणि आपल्या पोटावर पाय येईल हे ठाऊक असून बोललेले नोकर, या दोहोंच्या एकजुटीने मिळाला.

हा विजय कायमचा आहे, असे आम्ही म्हणत नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढला की, स्मिथसोनियन संस्थेत आणि सरकारी ऐतिहासिक स्थळांवर राष्ट्राच्या पूर्वजांना कमीपणा आणणारे इतिहासकथन नको. माँटपेलिअर सरकारी नसले तरी वारा कोणत्या दिशेने वाहतो हे स्पष्ट आहे. ज्यांचे प्रदर्शन मेहेरबानीवर उभे असते, त्यांच्या भिंतीवरचे फलक अशा वाऱ्यात पहिल्यांदा पडतात. मंडळात ज्यांची हक्काची जागा असते, त्यांच्याशी निदान झगडावे तरी लागते. मेहेरबानी आणि हक्क यांत फरक आहे तो हाच.

आता थोडे आपल्या अंगणाकडे पाहू. साने गुरुजींनी १९४७ मध्ये उपोषण करून पंढरीच्या विठोबाचे दार हरिजनांना उघडून दिले. त्या घटनेचे स्मरण आपण भक्तिभावाने करतो. परंतु दार उघडले म्हणजे गाभाऱ्यावरचा अधिकार सुटला असे झाले नाही. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपविणारा कायदा व्हायला १९७३ साल उजाडले आणि न्यायालयीन झगडा सर्वोच्च न्यायालयात अखेर संपला तो २०१४ मध्ये. प्रवेश आणि अधिकार यांच्यामध्ये सदुसष्ट वर्षे गेली. आपल्याकडच्या पुढाऱ्यांच्या स्मारकांना आणि जतन केलेल्या वाड्यांना हीच कसोटी लावून पाहावी. तेथे लोकशाहीवर व्याख्याने होतात. ऐकायला सर्वांना मुभा असते. पण विश्वस्तपद बहुधा वारसाने येते किंवा सत्ताधाऱ्यांच्या नेमणुकीने. त्या वाड्यांची जमीन कसणारी कुळे, तेथे राबलेले गडी, झाडलोट करणाऱ्या बाया यांची नातवंडे श्रोत्यांत असतील. मंडळात किती आहेत?

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. थोरांच्या घरांतून लोकशाहीवर संवाद अवश्य व्हावेत. पण ज्यांच्या श्रमावर ते घर उभे राहिले, त्यांच्या वारसांना पाहुणे म्हणून नव्हे, तर स्वतः निवडलेल्या प्रतिनिधींच्या द्वारे कारभारी म्हणून तेथे बसता आले पाहिजे. नोकरवर्गाला बोलल्याबद्दल शिक्षा होता कामा नये. जमाखर्च आणि ठराव लोकांसमोर असले पाहिजेत. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २०२६ साली २५० वर्षे होत आहेत आणि त्या निमित्ताने दिवाणखान्यांतून पुष्कळ बोलले जाईल. त्या बोलण्याचे मोल तळघरातल्या विटांवरचे ठसे ठरवतील. त्या बोटांच्या वारसांच्या हाती किल्लीचा अर्धा वाटा येईपर्यंत झालेल्या संवादाला आम्ही फार तर चांगला कार्यक्रम म्हणू. त्याला लोकशाही म्हणणार नाही.