होडीबरोबर घड्याळही काढा

विद्यार्थिमित्रांनो, ‘नदीवरील जलवाहतूक आणि लोकजीवन’ या विषयावर तक्ता करावयाचा झाला, म्हणजे आपण काय करतो? निळी नदी, तीवर शिडाची होडी, काठावर नारळाची झाडे आणि खाली पुस्तकातून उतरवलेली दहा वाक्ये. तक्ता सुबक होतो. पण पाहणाऱ्याच्या ज्ञानात त्याने फारशी भर पडत नाही. माझे मत असे, की अशा तक्त्यात होडीइतकेच घड्याळही महत्त्वाचे आहे.

कोकणातील वाशिष्ठी नदीचे उदाहरण घ्या. सह्याद्रीत उगम पावणारी ही नदी दाभोळपाशी अरबी समुद्राला मिळते. तेथून आत, थेट चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत पूर्वी मालाची गलबते येत. प्रवाहाविरुद्ध ती येत कशी? भरती लागली, की खाडीचे पाणी उलट, डोंगराच्या दिशेने वाहू लागते आणि पाण्याची खोलीही वाढते. या पाण्याबरोबर गलबत वर येई व ओहोटीबरोबर खाली जाई. म्हणजे बंदरातील कामाच्या वेळा सूर्यापेक्षा चंद्रच ठरवी!

या वेळा काढण्याचा एक जुना ठोकताळा किनाऱ्यावर प्रचलित आहे. तिथीची पाऊणपट करावी. तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार.

आता हा ठोकताळा तपासून पाहू. अमावास्येला चंद्र दुपारी बाराच्या सुमारास माथ्यावर येतो, तर पौर्णिमेला मध्यरात्री. म्हणजे १५ तिथींत १२ तासांचा फरक पडतो; तिथीमागे सरासरी ४८ मिनिटे. ठोकताळा मात्र ४५ मिनिटेच धरतो. पंधरवड्याच्या अखेरीस पाऊण तासाची चूक होते. पण तोंडी हिशेबाला तो किती सोपा! शिवाय नदीच्या मुखाशी आलेली भरती वरच्या बंदरात उशिरा पोचते. किती उशिरा, हे तुम्हांला मोजता येईल. मोठ्या माणसांना बरोबर घेऊन धक्क्यावर जा, खुणा केलेली काठी बांधा आणि दर अर्ध्या तासाने पाण्याची उंची टिपा. त्या आकड्यांचा आलेख हाच तुमच्या तक्त्याचा मुख्य भाग होऊ द्या.

२०१६ च्या कायद्याने देशातील १११ जलमार्ग ‘राष्ट्रीय’ ठरले. दाभोळ खाडी व वाशिष्ठी हा त्यांपैकीच एक. नकाशावर रेघ उमटली खरी. पण त्या पाण्याचे वेळापत्रक ज्यांना तोंडपाठ, ते तांडेल आता थकले आहेत. कुठे वळावे, कुठे गाळ साचतो, कोणत्या तिथीला थांबावे, हे त्यांच्याकडून आजच लिहून घेतले नाही, तर ते त्यांच्याबरोबरच जाईल.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. गुण देण्यापूर्वी रंगसंगती जरूर पाहा. पण आधी निरीक्षणांची वही मागा. पाण्याचे डाग पडलेली वही दिसली, तर तो तक्ता खरा समजावा.