साठ सैनिक आणि एक कॉम्प्रेसर

आठवडाभर एक्सेल शीट रंगवणारी माणसं वीकएण्डला काय करतात? आमच्या ग्रुपमधला एक आयटीवाला सैनिक रंगवतो. प्लॅस्टिकचे, जेमतेम तीन सेंटिमीटर उंचीचे! इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचा 'वॉरहॅमर ४०,०००' हा टेबलावरचा युद्धाचा खेळ १९८७ साली आला, तेव्हापासून जगभरातल्या कपाटांत अशा करड्या, बिनरंगाच्या पलटणी पडून आहेत. या ढिगाला शौकिनांनी नावच ठेवलंय, 'पाइल ऑफ शेम'. आमच्या मित्राच्या ढिगात साठ जण होते. ब्रशने एकेकाला रंगवायला रविवार पुरेना. शेवटी त्याने एअरब्रश घेतला.

एअरब्रश म्हणजे पेनाएवढी स्प्रे गन. खटका खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. हवेचा दाब १५ ते २० पीएसआय (फौजदार नव्हे, दाबाचं माप!). ॲक्रिलिक रंग थिनर घालून दुधाइतका पातळ करायचा. दाट राहिला तर नोझल तुंबतं, फारच पातळ झाला तर सैनिकाच्या छातीवर ओघळ. शिवाय ॲक्रिलिक भराभर सुकतो, सुईच्या टोकावरसुद्धा. मग थांबा, टोक पुसा, पुन्हा सुरू. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतलं पाणीही नळीतून थुंकतं, त्यासाठी मॉइश्चर ट्रॅप लावावा लागतो. म्हणजे वाचलेल्या वेळातला बराचसा साफसफाईतच जातो.

पण रिझल्ट सॉलिड! फंडा सोपा आहे. आधी अख्खा सैनिक काळा. मग फक्त वरच्या बाजूने पांढरा फवारा. जिथे ऊन पडलं असतं तिथे पांढरं, काखेत आणि पट्ट्याखाली काळं. त्यावर पातळ रंग मारला की सावल्या आपोआप दिसतात. साठच्या साठ जणांचा हा पहिला हात दोन संध्याकाळीत उरकला.

ब्रशवाले म्हणतात, ही चीटिंग आहे. मला नाही पटत. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या अंगाला रंग गननेच मारतात, डोळ्यांची आखणी मात्र हाताने, ब्रशनेच. तिथे कोणी चीटिंग म्हणतं का? इथेही डोळे, बकलं, तलवारीच्या कडा यांना ब्रशच लागतो.

मला खटकलं ते वेगळंच. "वॉटर-बेस्ड आहे गं, काही होत नाही," हे या मंडळींचं ठरलेलं वाक्य. वास येत नाही ना, मग झालं! अहो, ते बारीक थेंब हवेतच सुकतात आणि रंग-प्लॅस्टिकची धूळ होऊन छातीत जातात. मित्राचं घर वन बीएचके, कॉम्प्रेसर हॉलमध्ये आणि त्याच्या आईला दमा.

"काकू, त्रास नाही होत?" मी विचारलं.

"अगं, त्याला तेवढाच विरंगुळा. मी बसते बाल्कनीत."

त्या दिवशी आमचं चांगलंच वाजलं. एअरब्रशला पैसे आहेत, तर स्प्रे बूथलाही असायला हवेत. आणि तोंडावर रुमाल नाही, धड एन-९५ मास्क.

गेल्या महिन्यात बूथ आला. पंखा, नळी खिडकीबाहेर. आता बावीस सैनिक पूर्ण झालेत. काकूंची खुर्ची मात्र अजून बाल्कनीतच. कॉम्प्रेसरच्या घरघरीत सीरियल ऐकू येत नाही, म्हणतात.